किती सोडलं?

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याची बातमी नाशिकला एसटीनं जायची. पाकिटावर लाल शाईत 'बातमी, अर्जंट' असं लिहायचं, पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचं आणि सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पेपरच्या ऑफिसातला पोऱ्या येऊन ते घेऊन जायचा. गाडी चुकली तर सोमवारची बातमी बुधवारी छापून यायची, तीही जागा असली तर. पुढं फॅक्स आला, मग सायबर कॅफेतून मेल, मग व्हॉट्सअॅप. साधनं बदलली, पण बातमी इथून तिकडेच जात राहिली. सायखेड्यात आज काय घडलं, हे तिकडे बसलेला माणूस ठरवायचा.

मी नाशिकच्या एका दैनिकाचा इथला वार्ताहर होतो. धंदा झेरॉक्स आणि डीटीपीचा, पहाटे पेपरची एजन्सी आणि मधल्या वेळात पत्रकारिता. बाहेरच्यांना वाटतं, पेपरवाला म्हणजे पगारी माणूस. गावच्या वार्ताहराला पगार नसतो, ओळखपत्र असतं. मानधन मिळायचं, पण त्यात महिन्याचं पेट्रोलही सुटायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाचं प्रथम पुण्यस्मरण, निवडीबद्दल अभिनंदन, दिवाळीच्या शुभेच्छा आणि वर्षातून एकदा पेपरचा वर्धापनदिन. वर्धापनदिनाचं टार्गेट यायचं तेव्हा महिनाभर वही घेऊन दारोदार फिरायचो. त्या पुरवणीत तालुक्याचा विकास छापून यायचा. ज्यानं पाव पान घेतलं त्याचा विकास पाव पान, ज्यानं अर्धं घेतलं त्याचा अर्धं पान. ज्या सोसायटीच्या चेअरमनला मार्चमध्ये खताच्या वाटपाबद्दल प्रश्न विचारायचा, त्याच्याच ओट्यावर मेमध्ये चहा पीत जाहिरातीचं बोलायचं. हे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या वर्षातच अंगवळणी पडतं.

आणखी एक गोष्ट वाचकांना सहसा ठाऊक नसते. पेपरच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात. निफाडचं पान निफाडलाच येतं. सायखेड्याच्या रस्त्याची बातमी सायखेड्याच्या माणसानं वाचायची, ज्याला तो रस्ता रोज तुडवून पाठ झालेला असतो. नाशिकच्या कॉलेज रोडवर राहणाऱ्याला ते पान दिसतच नाही. आमच्यापैकी कुणाचा खून झाला, कुठं बिबट्या विहिरीत पडला किंवा गंगेला महापूर आला, तरच आम्ही पहिल्या पानावर.

गंगा म्हणजे गोदावरी. इथं तिला गोदावरी कुणी म्हणत नाही. चांदोरीहून पूल ओलांडला की सायखेडा. सायखेडा आणि चांदोरी समोरासमोर, मध्ये नदी. पावसाळ्यात गंगापूर धरण भरलं की पाणी सोडतात, ते आधी नाशिक शहरातून जातं. दारणेचं पाणी वेगळं येऊन मिळतं. खाली नांदूरमध्यमेश्वरचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे, तिथं कादवा येऊन भिडते. बंधाऱ्यात गाळ साचलेला, त्यामुळं पाण्याला पुढं सरकायला जागा अपुरी आणि मागं फुगवटा. तो फुगवटा चांदोरी, सायखेडा, शिंगवे, करंजगाव, चापडगाव या गावांच्या अंगावर येतो. वरून येणारं पाणी आणि खालून चढणारं पाणी अशा दोन्हींच्या मध्ये आमचा पूल. त्यात पाणवेली. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या या वेली पुराबरोबर वाहत येतात आणि पुलाच्या मोऱ्यांना, कठड्यांना अडकतात. पाणी अडतं, मग बाजूनं गावात शिरतं.

नाशिकचा पूर म्हटलं की टीव्हीवर रामकुंड दिसतं. तिथला दुतोंड्या मारुती हे पुराचं मीटर. कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, आता मानेला, असं निवेदक ओरडून सांगत असतो. त्यात चूक काही नाही, शहराची ती जुनी खूण आहे. पण मारुती बुडाला म्हणून कुणाचं घर किती तासांनी बुडणार, हे त्या कॅमेऱ्याला सांगता येत नाही. शहरातलं पाणी उतरायला लागलं की कॅमेरे परततात, आणि आमच्याकडं तेव्हा कुठं पाणी चढत असतं.

२ ऑगस्ट २०१६ला आला तो पूर मी पेपरसाठी केला. दुकानातली मशिनं माळ्यावर टाकली आणि मग बातमी लिहिली. फोटो पाठवायला रेंज मिळेना, वीज गेलेली. शेवटी फोनवरून मजकूर सांगितला, पलीकडं उपसंपादकानं उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी गावात पेपर आलाच नाही, कारण गाडी यायला रस्ता नव्हता. ज्यांच्याबद्दल ती बातमी होती त्यांनी ती आठवड्यानं वाचली, कुणाच्या तरी पुण्याच्या पाहुण्यानं कात्रण आणलं तेव्हा.

महिन्याभरानं, ५ सप्टेंबर २०१६ला, जिओ सुरू झालं. त्याच्या धोरणावर, त्याच्या मालकाकडं एकवटलेल्या ताकदीवर बोलण्यासारखं खूप आहे. पण आमच्या गावाचं वर्तमान दोन भागांत पडलं ते त्या तारखेनं. त्याआधी इंटरनेट म्हणजे आठवड्याचं रिचार्ज जपून वापरणं. नंतर बांधावर बसलेला माणूस अख्खा तासभर व्हिडिओ पाहू लागला. मी फेसबुक पेज उघडलं ते आधी दुकानाच्या जाहिरातीसाठी. लग्नपत्रिकांचे नमुने टाकायचो. मग ग्रामसभेचा एक व्हिडिओ टाकला आणि पत्रिकांना कधीच मिळाल्या नाहीत इतक्या लोकांनी तो पाहिला. यूट्यूब चॅनल त्यानंतरचं.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. सकाळपासून गंगा चढत होती. मी पेठेच्या टोकाला एका गच्चीवर मोबाइल घेऊन उभा राहिलो आणि लाइव्ह सुरू केलं. बोलायला विशेष काही नव्हतं. पुलावर पाणी आलंय, चांदोरीकडून कुणी येऊ नका. पाणवेली डाव्या बाजूला अडकल्यात. शाळेत निवाऱ्याची सोय केलीय. दर थोड्या वेळानं तेच, फक्त पाण्याची पातळी बदलून. खाली प्रश्न येऊ लागले, आणि बहुतेक सगळ्यांचा प्रश्न एकच: किती सोडलं?

पुराच्या दिवसांत आमच्याकडं रामराम म्हणत नाहीत, हेच विचारतात. गंगापूरमधून किती सोडलं, दारणेतून किती, खाली नांदूरमध्यमेश्वरमधून किती. आकडा क्युसेकमध्ये येतो. पाटबंधारे खातं तो देतं, पेपर छापतात, टीव्हीच्या पट्टीवर फिरतो. पण क्युसेक ऐकून सायखेड्यातल्या बाईनं धान्याची कणगी उचलायची की नाही? त्या दिवशी माझ्या शेजारी गच्चीवर एक ऐंशीच्या घरातले तात्या बसले होते. मी आकडा वाचला की ते म्हणायचे, "म्हणजे मारुतीच्या पाराला लागंल. अजून पेठेत नाही यायचं." पुढचा आकडा आला की, "आता सोनाराच्या पायऱ्या. उचला." २००८ला कुठवर आलं होतं, त्याआधी कुठवर, हे त्यांना पायरीनिशी पाठ. मी मोबाइल त्यांच्याकडं वळवला आणि सांगितलं, आता तुम्हीच बोला. मी फक्त आकडे वाचत राहिलो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं कुणाला बातमी देत होतो. पेपरची बातमी आमच्याबद्दल होती, पण बाहेरच्यांसाठी. सायखेड्याला पाण्यानं वेढलं, एवढं कळलं की नाशिक-पुण्याच्या वाचकाचं काम झालं. तात्यांची बातमी मात्र ज्याच्या दारात पाणी आलंय त्याच्यासाठी होती. ती छापून उपयोग नव्हता, कारण तासाभरानं ती शिळी व्हायची. आणि ती नाशिकहून कुणालाही देता आली नसती, कारण सोनाराच्या पायऱ्या नाशिकला ठाऊक नाहीत. मुख्य प्रवाहातल्या माध्यमांना आमच्यासारख्यांनी आव्हान दिलं, असं भाषणांत ऐकतो तेव्हा मला ती गच्ची आठवते. तिथं कुणी कुणाला आव्हान देत नव्हतं. ते ज्या जागी कधी उभेच नव्हते, तिथं आम्ही उभे होतो इतकंच.

संध्याकाळी एका मोठ्या वाहिनीवर माझाच व्हिडिओ दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव त्यांच्या लोगोखाली झाकलेलं. पुढं काही दिवसांनी माझ्या चॅनलवरच्या त्याच व्हिडिओवर हक्काचा दावा आला. म्हणजे माझ्या गच्चीवरून मी काढलेलं चित्र त्यांच्या मालकीचं आहे, असं यंत्रानं ठरवलं. दाद मागितली, मूळ फाइल पाठवली, बऱ्याच दिवसांनी दावा उठला. तोवर पूर ओसरला होता आणि पाहणारेही.

पूर ओसरल्यावरची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. गाळानं भरलेली घरं, चाळीत भिजलेला कांदा, आडवी झालेली द्राक्षबाग, आणि मग पंचनामे. कुणाचं नाव यादीत आलं, कुणाचं राहिलं. घरात पाणी शिरलं पण भिंत पडली नाही, तर मदत कोणत्या निकषात बसते? मी ते व्हिडिओ करत राहिलो. ते फारसे चालले नाहीत, हेही सांगतो. पुराचा व्हिडिओ मुंबईचा माणूसही पाहतो, पंचनाम्याचा फक्त ज्याचा पंचनामा तो. पण यादी दाखवल्यावर दोन-तीन गल्ल्यांतली माणसं तलाठ्याकडं गेली आणि नावं चढली. हे काम पूर्वी पेपरमधून व्हायला हवं होतं. मी पाठवायचोही. 'यादी लांब आहे, सारांश द्या' असं उत्तर यायचं. यादीचा सारांश काय द्यायचा?

नांदूरमध्यमेश्वरला जानेवारी २०२०मध्ये रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ. चांगली गोष्ट झाली. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की कॅमेऱ्यांच्या गाड्या लागतात. त्याच पाण्याखाली जो गाळ आहे, त्याच्यासाठी मात्र अजून एकही गाडी आलेली पाहिली नाही.

कांद्याचं तर विचारूच नका. शहरातल्या माध्यमांत कांदा दोनदाच दिसतो. भाव वाढले की बाजारात पिशवी घेऊन उभी असलेली गृहिणी आणि 'कांद्यानं रडवलं' असं शीर्षक. भाव पडले की रस्त्यावर ओतलेला ढीग. या दोन टोकांच्या मधले महिने कांदा चाळीत असतो आणि शेतकरी हिशोब करत असतो. सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. पणन मंडळाच्या रोजच्या भावांत 'पिंपळगाव (ब) - सायखेडा' अशी ओळ असते: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. पेपर त्यातला 'जास्तीत जास्त' उचलतात. आता हा जास्तीचा भाव एखाद्याच ट्रॉलीला लागलेला असतो. एकसारखा, टणक, रंगाला चोख माल, नाही तर मुहूर्ताची पहिली बोली. दुसऱ्या दिवशी भेंडाळीचा, म्हाळसाकोऱ्याचा माणूस तो आकडा वाचून ट्रॅक्टर भरतो आणि इथं येऊन डोक्याला हात लावतो.

म्हणून मी लिलाव दाखवायला लागलो. ट्रॅक्टरच्या रांगेबरोबर चालायचं, ट्रॉलीतला माल जवळून दाखवायचा, पुकारा ऐकू द्यायचा, भाव लागला की पुढची ट्रॉली. निवेदन नाही, संगीत नाही. अर्धा-पाऊण तास नुसता कांदा. पुण्याच्या माझ्या भाच्यानं तो पाहिला आणि म्हणाला, "मामा, हे कोण बघतं?" चाळीत माल असलेला प्रत्येक जण बघतो. त्याला आपल्या कांद्यासारखी ट्रॉली शोधायची असते. ती दिसली, तिचा भाव कळला, की तो व्हिडिओ बंद करतो. एका सकाळी गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, ट्रॉली पुकारली जात असताना शेतकऱ्यानं मला थांबवलं. हिशोबपट्टी दाखवली. हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि आधीची उचल कापून हातात उरले ते शेकड्यात. "हे दाखव," म्हणाला, "भाव नको दाखवू."

पट्टी हीच खरी बातमी, हे निफाड तालुक्यानं साऱ्या देशाला दाखवलंय. २०१८च्या नोव्हेंबरअखेर नैताळ्याच्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरनं थेट पंतप्रधानांना पाठवले. किलोला दीड रुपयाही नाही. कांद्यावर त्या वर्षी अग्रलेख पुष्कळ आले असतील, लोकांच्या ध्यानात राहिला तो एवढा आकडा. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शीच्या शेतकऱ्याला पाच क्विंटलहून जास्त कांद्याचे हाती आले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्या पावतीचा फोटो आधी फोनाफोनी फिरला, मग माध्यमांनी उचलला. ८ डिसेंबर २०२३ची निर्यातबंदी आठवा. आदल्या रात्री अधिसूचना निघाली, सकाळी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर माणसं बसली. इंग्रजी बातम्यांत त्या दिवशी 'ग्राहकांना दिलासा' होता. बंदी उठली ती ४ मे २०२४ला. त्या मधल्या महिन्यांत मी रोज एकाच जागेवरून एकच गोष्ट दाखवत होतो, ती म्हणजे ट्रॉली रिकामी झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात काय राहिलं.

सरकारची वाईट बातमी दाखवणं त्या मानानं सोपं असतं. दिल्ली लांब आहे. अवघड आहे ते शेजाऱ्याबद्दल बोलणं. एका व्यापाऱ्यानं मला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, आपण एका गावातले. तुझ्या व्हिडिओमुळं माझ्याकडं ट्रॉली येईना. मी काय चोर आहे का?" तो चोर नव्हताच. त्यानं त्या मालाला तोच भाव दिला असता जो दुसऱ्यानं दिला. पण व्हिडिओत पुकारा त्याचा होता. पेपरात असताना मला एक सोय होती. मी म्हणायचो, "मी पाठवलं वेगळं होतं, ऑफिसनं असं छापलं." खरं असो-नसो, ते चालून जायचं. नाशिकचं ऑफिस हा आमचा आडोसा होता. बातमी कापली तरी शिव्या त्याला, छापली तरी शिव्या त्याला. आता चॅनल माझं, तोंड माझं, घर कुठं आहे तेही सगळ्यांना ठाऊक. मोठी नावं नोकऱ्या सोडून यूट्यूबवर आली त्यांचं कौतुक आहे. ३० नोव्हेंबर २०२२ला रवीश कुमारांनी एनडीटीव्ही सोडलं तेव्हा आमच्या पेठेतसुद्धा त्यावर चर्चा झाली. पण त्यांच्या मागं वर्षांनुवर्षांचा प्रेक्षक चालत आला. त्यांच्यावर रागावणारा माणूस ट्रोल करतो. आमच्यावर रागावणारा दुकानात येतो.

आणि कधीकधी गाडी घेऊन येतो. फेब्रुवारी २०२३मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडलं गेलं, त्याच दिवशी सकाळी तिथल्या रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी छापून आली होती. ते स्थानिक वर्तमानपत्राचे पत्रकार होते, यूट्यूबवाले नव्हे. मुंबईच्या स्टुडिओत बसून रिफायनरीवर बोलणाऱ्याला तो धोका नसतो. तो असतो त्याला, ज्याला ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच रस्त्यानं घरी जायचं असतं.

आम्ही काही जगावेगळं करतोय, असं वाटायला लागलं की मी तरवडीचं स्मरण करतो. आमच्या खाली, नेवासे तालुक्यातलं खेडं. मुकुंदराव पाटलांनी १९१०मध्ये काढलेलं 'दीनमित्र' हे सत्यशोधक साप्ताहिक या खेड्यातून चाललं, थेट १९६७पर्यंत. त्या काळी पेपर म्हणजे पुणे-मुंबई. खेड्यात छापखाना चालवायचा, शेतकऱ्याच्या बोलीत लिहायचं आणि पोस्टानं गावोगाव पाठवायचं. त्यांच्याही वेळेला प्रस्थापित पत्रांना हे पत्रकारितेत बसतंय असं वाटलं नसणार. १९२०मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊनही छापली नव्हती. तेव्हा यूट्यूबवाल्याला पत्रकार परिषदेत मागच्या रांगेत बसवतात, याचं मी फार वाईट वाटून घेत नाही.

अशा छोट्या माध्यमांचं काम आमच्या जिल्ह्यानं जवळून पाहिलं ते मार्च २०१८मध्ये. किसान सभेचा लाँग मार्च ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी, लाल टोप्या, लाल झेंडे. सुरुवातीचे दिवस राष्ट्रीय वाहिन्यांना पत्ताच नव्हता, मराठी वाहिन्यांतही तो मधल्या बातम्यांत. मी निघण्याच्या दिवशी नाशिकला गेलो होतो. तिथं एक पोरगा भेटला, पाठीवर पिशवी, हातात वही, मोर्चाबरोबर चालत निघालेला. असे पाच-सहा जण होते, कुणी संकेतस्थळासाठी, कुणी स्वतःच्याच चॅनलसाठी. पी. साईनाथांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळासाठी पार्थ एम. एन. यांनी या मोर्चाबद्दल लिहिलं. कसारा घाट उतरून माणसं मुंबईजवळ गेली, पायांच्या फोडांचे फोटो फोनवरून फिरले, आणि मग कॅमेरे धावले. १२ मार्चच्या पहाटे दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चा रात्रीच चालून आझाद मैदानात पोचला, ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांनी केली. ती चांगली गोष्ट होतीच. पण मोर्चेकऱ्यांचे वनजमिनीचे दावे कुठं अडलेत, हे त्या वहीवाल्या पोरांनी सहा दिवस चालता चालता लिहिलं होतं, ते फार थोड्यांनी वाचलं.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाही तर हे स्वतःचीच जाहिरात होईल. पेपरात माझा एक उपसंपादक होता. रात्री नऊला फोन यायचा. "सरपंचाची बाजू कुठंय? तलाठ्याला विचारलंस का? आकडा कुणी दिला?" तेव्हा त्याचा राग यायचा. आज चॅनलवर टाकताना पलीकडून कुणी विचारत नाही. दर पुरात व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो की धरणाला तडा गेला. तो खोटा आहे हे सांगायला मला लाइव्ह यावं लागतं, आणि तो पसरवणारा कधीकधी माझ्यासारखाच हातात बूम माइक घेतलेला असतो. गाडीवर 'प्रेस' लिहायचं, ऑनलाइन लोगो बनवून घ्यायचा, आणि वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याला गाठायचं. बातमी लावू का नको? असे तालुक्यात किती आहेत ते पोलिसांपेक्षा वाळूवाल्यांना जास्त ठाऊक. लोक त्यांनाही पत्रकार म्हणतात आणि मलाही. उपसंपादकाचे प्रश्न मी आता स्वतःलाच विचारतो आणि त्याची सवय लागावी म्हणून दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय: माझा व्हिडिओ वर चढवण्याआधी तू मला विचारायचं, "दादा, दुसऱ्याला फोन केला का?" तो विचारतो. अजून लाजत विचारतो.

आणि पैसा. यूट्यूब पैसे देतं असं गावात सगळ्यांना वाटतं. हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेल्यावर जाहिरातीतला वाटा सुरू होतो, पण मराठीतल्या, तेही कांद्याच्या व्हिडिओला तो वाटा किती येतो ते विचारू नका. बिबट्या दिसला त्या महिन्यात बरे येतात. पंचनाम्याच्या महिन्यात काही नाही. म्हणजे पेपरला जे चालायचं तेच यंत्रालाही चालतं, फक्त निवडणारा माणूस दिसत नाही. मग वाढदिवस आले. पुढाऱ्यांचे कार्यकर्ते म्हणू लागले, "साहेबांच्या शुभेच्छांचा व्हिडिओ लावा, पेपरला देतो तेवढंच देतो." मी घेतले. दुकान चालवायचंय, मुलीची फी आहे. पण एक बंधन घातलं: जाहिरात वेगळी, तिच्यावर 'जाहिरात' असं मोठ्या अक्षरात, आणि ज्याची घेतली त्याच्या ग्रामपंचायतीचा व्हिडिओ त्या महिन्यातच करायचा, मुद्दाम. पुढल्या वर्षी त्यातले निम्मे परत आले नाहीत. उरले त्यांच्यावर घर चालतं. बियाणं-औषधाच्या कंपन्यांना मात्र नाही म्हणतो. अमुक फवारलं म्हणून फुगवण झाली, असं मी सांगितलं आणि कुणाची बाग गेली, तर तो शेतकरी कंपनीला शोधत जाणार नाही. त्याला माझं दुकान माहीत आहे.

पेपरचं वार्ताहरपद सुटून बरीच वर्षं झाली. भांडण नाही झालं. ओळखपत्र नूतनीकरणाला गेलं आणि वर्धापनदिनाचं टार्गेट आलं, दोन्ही मी घेतलं नाही. एजन्सी अजून आहे. पेपर घेणारे कमी झाले, पण मोठी माणसं घेतातच, आणि मीही रोज पहाटे पहिला वाचतो. निफाडच्या पानावर हल्ली माझ्याच व्हिडिओतली माहिती असते, 'समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितीनुसार' अशी.

मागच्या पावसाळ्यात गंगा पुन्हा पुलाला लागली. एका वाहिनीच्या नाशिक ऑफिसातून फोन आला. आवाज तरुण, घाईत. "सर, पुलाचे व्हिज्युअल्स पाठवा ना पटकन. पाणवेली दिसतील असे."

"पाठवतो. एका क्लिपचे किती देणार?"

"सर, नाव देतो ना स्क्रीनवर."

"नाव माझ्या व्हिडिओवर आधीच आहे. ते झाकू नका म्हणजे झालं. पैसे किती?"

तो म्हणाला, मुंबईला विचारून सांगतो. पाणी उतरलं, पाणवेली जेसीबीनं काढल्या, पंचनामेही झाले. त्याचं विचारणं अजून चालू आहे.